क्षिप्रेचे साक्षीदार

नदीकाठी राहणाऱ्या माणसाला नदीची ओळख बहुधा घाटापासून होते. पायऱ्या, देवळे, दीपमाळा, पर्वकाळची स्नाने, महापुराची खूण कोरलेला एखादा दगड, या वाटेने ती मनात शिरते. पुढे घरात नळ येतो आणि नदी हळूहळू मनातून उतरते. इंदूरच्या आपल्या मराठी कुटुंबांचेही असेच झाले. होळकरशाहीच्या पाठोपाठ आलेली कित्येक घराणी खान आणि सरस्वती या दोन लहान नद्यांच्या आसपास वसली. १९७८ च्या सुमारास नर्मदेचे पाणी विंध्याचा चढ चढून शहरात आले आणि दाराजवळच्या नदीकडे पाहण्याचे कारणच उरले नाही. पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावावा, एवढाच काय तो तिच्याशी संबंध राहिला.

मात्र प्रत्येक नदीला स्वतःचे रहिवासी असतात आणि तिच्या प्रकृतीची खबर काठावरच्या माणसांपेक्षा त्यांना अधिक असते. ही गोष्ट आपल्या कवींना ठाऊक होती. ‘मेघदूता’त कालिदासाने याच माळव्यातील गंभीरा नदीचे वर्णन केले आहे. तिचे पाणी निर्मळ मनासारखे प्रसन्न आहे आणि त्यात उसळ्या मारणारे चपळ शफर मासे हेच तिचे कटाक्ष आहेत, अशी ती कल्पना. शफर म्हणजे लहानसा रुपेरी मासा. अलंकाराचा भाग बाजूला ठेवला तरी कवीच्या निरीक्षणातील मर्म उरतेच. पाणी प्रसन्न आहे हे त्याने माशाच्या हालचालीवरून ओळखले.

या ओळखीचे शास्त्र आज झाले आहे. ते समजावून घ्यावे आणि त्याच्या नजरेने खान व क्षिप्रा या नद्या उगमाकडून खाली पाहत जाव्यात, या हेतूने गेल्या हिवाळ्यात मी आणि विज्ञान शिकविणारे माझे एक सहकारी काही रविवार बाहेर पडलो. त्या भ्रमंतीत जे पाहिले आणि त्यानिमित्ताने जे वाचले, ते येथे मांडीत आहे.

प्रथम आम्ही गेलो ते चोरल नदीवर. इंदूरहून दक्षिणेस निघाले की माळव्याचे पठार संपते, विंध्याचा कडा लागतो आणि झाडीतून वाहणारी चोरल भेटते. तिचे पाणी नर्मदेला मिळते, तर खान-क्षिप्रेचे पाणी उत्तरेला चंबळेकडे जाते. तेव्हा मोजमापासाठी या दोघींची तुलना करणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु या प्रदेशातील काळ्या खडकावरचा, फारसा न बिघडलेला प्रवाह कसा दिसतो हे डोळ्यांना कळावे म्हणून ती पाहणे आवश्यक होते. खळाळ, मग डोह, पुन्हा खळाळ, अशी तिची चाल आहे. खळाळात गोटे आणि खडी, डोहात वाळू आणि पालापाचोळा, काठावर पाण्यात उतरलेली झाडांची मुळे. सहकाऱ्यांनी एक गोटा उचलून उलटा केला. त्याच्या ओलसर पोटाला कीटकांच्या अळ्या चिकटलेल्या होत्या. ‘ही खालची पंगत,’ ते म्हणाले. ‘ही उठली की वरची आपोआप उठते.’

नदीतील माशांची वस्ती ही एखाद्या जुन्या गावासारखी असते. प्रत्येकाची आळी ठरलेली आणि धंदाही ठरलेला. खळाळात गोट्यांना चिकटून राहणारे काही मासे असतात. त्यांचे तोंड डोक्याच्या खालच्या बाजूस असते आणि ते दगडावरचे शेवाळ खरवडून खातात. वाळूच्या रंगाचे, अंगावर पट्टे असलेले लहान मासे तळाशी खडीच्या फटींत लपतात आणि अळ्या टिपतात. डोहाच्या वरच्या थरात रुपेरी माशांचे थवे पाण्यावर पडणारे किडे झेलतात. खोल सावलीत मिशाळ शिकारी मासे दबा धरून बसतात आणि या सर्वांवर आपली गुजराण करतात. नदी निरोगी असेल तर या सगळ्या आळ्या नांदत्या असतात. तिला काही दुखू लागले की घरे एकदम ओस पडत नाहीत. आधी कोणती, मग कोणती, असा त्याचा एक क्रम असतो. तो क्रम वाचता आला की दुखणे कोणते आणि किती जुने, याचा अंदाज बांधता येतो.

हा क्रम वाचण्याची रीत जेम्स कार या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८१ साली मांडली. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील, शेतांमधून वाहणाऱ्या लहान ओढ्यांचा अभ्यास करताना त्यांना एक गोष्ट खटकली. पाण्याच्या रासायनिक तपासणीवर सरकार मोठा खर्च करीत होते, परंतु कागदावर पाणी ठीक ठरलेल्या ओढ्यांतही मासे नांदत नव्हते. त्याची कारणे पाण्याच्या बाटलीत सापडणारी नव्हती. कोठे ओढा सरळ करून त्याचे डोह बुजविले होते, कोठे काठची झाडे तोडली होती, कोठे शेतातील मातीने खडी झाकून टाकली होती. त्या देशाच्या १९७२ च्या कायद्याने पाण्याची रासायनिक, भौतिक आणि जैविक समग्रता राखण्याचे ध्येय सांगितले होते. त्यांपैकी तिसरी गोष्ट मोजायची कशी, याचे उत्तर कार यांनी माशांच्या आधारे दिले. आपल्या देशातही १९७४ च्या जलप्रदूषणविषयक कायद्याने पाण्याचे निरोगीपण राखणे व ते परत मिळविणे हा हेतू मानला आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्यालाही परका नाही.

शाळेतील प्रगतिपुस्तक ज्यांनी पाहिले आहे त्यांना कार यांची पद्धत समजण्यास अडचण पडू नये. नदीच्या ठरावीक टापूत जाळे टाकून मासे धरायचे, त्यांच्या जाती ओळखायच्या, संख्या मोजायची आणि त्यांना परत पाण्यात सोडायचे. नंतर बारा विषयांत गुण द्यायचे. पहिले सहा विषय वस्तीच्या घडणीचे आहेत. एकूण जाती किती, तळाशी राहणाऱ्या किती, डोहात राहणाऱ्या किती, दीर्घायुषी किती, बिघाड मुळीच न सोसणाऱ्या किती आणि वाटेल ते सोसणाऱ्यांचे प्रमाण केवढे. पुढचे तीन विषय आहाराचे. मिळेल ते खाणारे किती, कीटकांवर जगणारे किती, माशांवर जगणारे शिकारी किती. शेवटचे तीन विषय एकूण संख्येचे आणि प्रकृतीचे. मासे पुरेसे आहेत काय, संकरित किती आणि अंगावर गाठी, व्रण वा झिजलेले पर असलेले रोगट मासे किती.

त्याच प्रदेशातील तेवढ्याच आकाराच्या, न बिघडलेल्या प्रवाहाशी तुलना करून प्रत्येक विषयाला गुण द्यायचे असतात. तसेच असेल तर ५, थोडे ढळले असेल तर ३ आणि फारच ढळले असेल तर १. बारा विषयांची बेरीज जास्तीत जास्त ६० आणि कमीत कमी १२ होते. कार यांच्या मूळ कोष्टकात ५७ ते ६० गुणांचा प्रवाह उत्कृष्ट, ४८ ते ५२ चा चांगला, ३९ ते ४४ चा बरा, २८ ते ३५ चा वाईट आणि २३ पर्यंतचा अतिवाईट मानला आहे. मधल्या आकड्यांचा निर्णय तज्ज्ञाच्या विवेकावर सोपविला आहे. याखालीही एक पायरी आहे. वारंवार जाळे टाकूनही एकही मासा मिळाला नाही, तर त्या प्रवाहाला गुणच दिले जात नाहीत. ‘मासे नाहीत’ एवढाच शेरा लिहिला जातो.

या पद्धतीतील खरा उपयोग बेरजेपेक्षा फोडीत आहे. आम्ही शिक्षकही एकूण गुण पाहून थांबत नाही. मुलाचे गुण कोणत्या विषयात गेले ते पाहतो. तळच्या माशांचे गुण गेले असतील तर गाळाने खडी झाकली आहे काय ते शोधावे. शिकारी मासे नाहीसे झाले असतील तर डोह उरले आहेत काय ते पाहावे. रोगट मासे वाढले असतील तर कोणत्या कारखान्याचे पाणी मिसळते त्याची चौकशी करावी. बाटलीतील पाणी फक्त भरल्या क्षणाचे वर्तमान सांगते. रात्री सोडलेले विषारी पाणी पहाटे पुढे निघून गेले, तर दुपारच्या नमुन्यात त्याचा मागमूस नसतो. मासा मात्र बारा महिने, चोवीस तास त्याच पाण्यात असतो. त्याची साक्ष त्या सबंध काळाची असते.

चोरलेची ही ओळख मनात ठेवून आम्ही खानकडे वळलो. सरकारी कागदात हिला आता ‘कान्ह’ म्हणतात. इंदूरच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘खान’च आहे. शहराच्या दक्षिणेच्या उंचवट्यांवरून ती उतरते आणि शहराच्या मध्यात सरस्वतीला भेटते. जवळच कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत. होळकर घराण्याच्या या देखण्या स्मारकांचे प्रतिबिंब खानच्या पाण्यात पडावे अशीच त्यांची जागा निवडली असली पाहिजे. छत्रीच्या ओट्यावर बसून पाहिले तर काठ बांधून काढलेले दिसतात, फरसबंदी दिसते, संध्याकाळी दिवे लागतात. शहराने या बाबतीत पुष्कळ केले आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. नाल्यांतून नदीत पडणाऱ्या सांडपाण्याची शेकडो तोंडे बंद करून ते पाणी शुद्धीकरण केंद्रांकडे वळविण्यात आले आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये इंदूर हे देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले. ज्यांनी पूर्वीची दुर्गंधी अनुभवली आहे त्यांना या श्रमांची किंमत कळेल.

तरीही कार यांचे बारा विषय हातात घेऊन या बांधीव काठावर उभे राहिले की निराळे प्रश्न सुचतात. मुळांच्या आडोशाला राहणाऱ्या माशाने सिमेंटच्या भिंतीजवळ कोठे राहावे? खडी नाही तेथे खडीत अंडी घालणाऱ्याने काय करावे? काठावर झाड नाही तेथे पाण्यावर किडे पडणार कोठून? कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नदीच्या प्रकृतीचे पाच आधार सांगितले: पाण्याचा दर्जा, प्रवाहाची रीत, निवाऱ्याची रचना, अन्नाचा उगम आणि जीवांचे परस्परांशी नाते. आपण सर्व शक्ती पहिल्या आधारावर खर्च करतो आणि सुशोभन करताना तिसरा व चौथा आपल्याच हाताने काढून घेतो.

मैलापाण्याने नेमके काय होते तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. पाण्यात मिसळलेली घाण सूक्ष्म जंतू खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. स्नानायोग्य पाण्यात दर लिटरला निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा आणि जंतूंची प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असे आपल्या केंद्रीय मंडळाचे मान आहे. घाण वाढली की ही मागणी वाढते आणि माशांच्या वाट्याचा प्राणवायू सरतो. पहिला बळी जातो तो खळाळातल्या माशांचा, कारण भरपूर प्राणवायूची त्यांना सवय असते. मग कीटकांवर जगणारे जातात, कारण गोट्याखालची पंगत उठलेली असते. मिळेल ते खाणारे काही काळ उलट वाढतात आणि संख्या पाहणाऱ्याला नदी भरभराटीत आहे असे वाटते. त्यानंतर उरतात ते मांगूर, सिंघी, मरळ यांसारखे, पाण्यावर तोंड काढून हवेतील प्राणवायू घेऊ शकणारे मासे. आणि डासांच्या अळ्या खाण्यासाठी परदेशातून आणलेले गप्पी व गंबुशिया, जे पृष्ठभागालगतच्या पातळशा थरावर तग धरतात. शेवटी तेही जातात. काळ्या पाण्यात मांगूर सापडला म्हणजे नदी सुधारली, असा निष्कर्ष काढणे अर्थातच धाडसाचे ठरेल. त्या माशाने नदीवरचा भरवसा सोडून हवेवर ठेवला आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

शहर ओलांडून खान सांवेर तालुक्यातून उत्तरेला जाते. दोन्ही बाजूंना गहू आणि हरभऱ्याची शेते. उन्हाळ्यात माळव्याच्या नद्या आटून डोहांपुरत्या उरतात. परंतु खानला शहराचे पाणी सतत मिळत असल्यामुळे ती बारमाही झाली आहे. हे बारमाहीपण उसने आहे. हिवाळी दुपारी एका बंधाऱ्याखाली पांढरा फेस साचलेला आम्ही पाहिला आणि त्याच पाण्यावर पंप चालू होते. शेतकऱ्याला पाणी हवे. त्याला दोष कोण देणार? काठावर एकही जाळे वाळत घातलेले आम्हाला दिसले नाही.

उज्जैनच्या अलीकडे, नवग्रह-शनी मंदिरापाशी, खान क्षिप्रेला मिळते. हीच त्रिवेणी. इंदूरच्या आग्नेयेला उज्जैनी नावाच्या खेड्याजवळ उगम पावलेली क्षिप्रा येथवर येते ती मोक्षदायिनी म्हणून, आणि नेमकी येथेच तिला खानचे पाणी स्वीकारावे लागते. रामघाट यापुढे आहे. सिंहस्थाच्या वेळी कोट्यवधी भाविक ज्या पाण्यात उतरतात त्यात खानचे पाणी मिसळू नये यासाठी २०१६ च्या सिंहस्थापूर्वी त्रिवेणीच्या वरच खान अडवून तिचे पाणी भूमिगत नळाने उज्जैनला वळसा घालून कालियादेहच्या खाली सोडण्यात आले. त्याआधी २०१४ साली नर्मदेचे पाणी पंपांनी विंध्यावर चढवून क्षिप्रेच्या उगमापाशी सोडण्याची योजना सुरू झालेली होती. अशा रीतीने एका नदीचे पाणी बाजूला काढून दुसरीचे आणले की पर्वस्नान पार पडते. परंतु ५ जानेवारी २०१९ रोजी, शनी अमावास्येच्या पर्वाला, त्रिवेणीवर ते आणलेले पाणी वेळेवर पोहोचले नाही आणि भाविकांना चिखलाच्या पाण्यावर भागवावे लागले. नदीचे स्वतःचे वाहणे थांबले की सणाची तिथी पंपांवर अवलंबून राहते, हे त्या दिवशी सर्वांच्या ध्यानी आले.

रामघाटावर आम्ही पोहोचलो तेव्हा आरतीला अवकाश होता. पायऱ्यांवर मुरमुरे आणि फुटाणे विकणाऱ्या बायका बसल्या होत्या. यात्रेकरू मूठभर दाणे पाण्यात टाकीत आणि त्यासरशी माशांची झुंबड उडे. एका आजोबांनी नातवाला उचलून दाखविले, ‘बघ, किती मासे! क्षिप्रामाई किती समृद्ध आहे!’ त्यांचे मराठी बोल ऐकून बरे वाटले. पण सहकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले आणि आम्ही दोघेही त्या झुंबडीतील चेहरे निरखू लागलो. जवळजवळ सगळे एकाच वळणाचे होते. कार यांच्या प्रगतिपुस्तकात अशा गर्दीला संख्येच्या विषयात गुण मिळतील. परंतु जातींच्या, तळच्या वस्तीच्या, कीटकभक्षकांच्या विषयांत ती काहीच उत्तर देऊ शकणार नाही. मुरमुऱ्यांवर जगणारी वस्ती ही नदीच्या अन्नावर जगणारी वस्ती नव्हे.

घाटापासून काही अंतरावर एक वृद्ध केवट जाळे दुरुस्त करीत बसले होते. त्यांच्याशी बोलणे निघाले. ते हिंदीत जे म्हणाले त्याचा आशय असा: पाण्याला वास येऊ लागला म्हणजे लोक ओरडतात, पण वाळूतला मासा त्याच्या कितीतरी आधी निघून गेलेला असतो. त्यांच्या तरुणपणी पढिन आणि बाम मिळत. आता बाजारातला मासा तलावातून येतो. क्षिप्रेत मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत असतात. त्याबद्दल विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की असा दिवस पहाटेच ओळखू येतो, सगळे मासे वर तोंड काढून आ वासतात. रात्री पाण्यातील वनस्पती प्राणवायू निर्माण करीत नाहीत आणि सर्व जीव तो वापरीत राहतात, म्हणून पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. विज्ञान हेच सांगते. या माणसाने कोणतेही कोष्टक वाचलेले नव्हते, पण बारापैकी निदान सात-आठ विषय त्याला मुखोद्गत होते.

त्यांचे बोलणे ऐकताना मला कर्नल साइक्स आठवला. मुंबई सरकारच्या चाकरीत असलेल्या या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतील मासे गोळा केले आणि १८३९ साली त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. नावे देताना त्याने बऱ्याच ठिकाणी काठावरच्या मराठी माणसांच्या तोंडची नावेच लॅटिनच्या जोडीला बसविली. दगडाला चिकटून राहणारा मल्या आजही जगभर ‘गारा मुल्या’ म्हणून ओळखला जातो. शिंगटी ‘मिस्टस सींगटी’ झाली. पुण्याच्या मुळा-मुठेवरून वर्णिलेला महाशीर ‘टॉर खुद्री’ झाला. पुढे १९४२ साली फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी केली. अशा जुन्या याद्या हाताशी असल्यामुळेच कोणते मासे होते आणि आज कोणते उरले, ही तुलना तेथील अभ्यासकांना करता आली. याद्या ठेवणारा कोणी नसता तर गेलेल्याचे दुःखही कोणास झाले नसते.

आपल्या खान-क्षिप्रेचेही भाग्य असे की, या नद्यांवर ही कसोटी लावून झालेली आहे. व्ही. गणसन आणि अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट ह्यूज यांनी कार यांचा निर्देशांक या दोन नद्यांच्या माशांना लावून पाहिला आणि तो अभ्यास १९९८ साली गोड्या पाण्याच्या जीवशास्त्राला वाहिलेल्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यासाठी कसोट्या बदलून घ्याव्या लागल्या, कारण अमेरिकेच्या ओढ्यांतले मासे माळव्यात नाहीत. भारतीय नदीवर हा निर्देशांक लावण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. इंदूर आणि उज्जैन यांच्यामधल्या, आपण नाक मुरडून ओलांडलेल्या या पाण्याने शास्त्राच्या ग्रंथात जागा मिळविली आहे, हे आपल्यापैकी किती घरांत ठाऊक असेल?

या पद्धतीला मर्यादा आहेत आणि त्या झाकून ठेवू नयेत. माळव्याची नदी वैशाखात डोहांत विभागली जाते. तेव्हाची मोजणी आणि आश्विनातली मोजणी एका रांगेत मांडता येत नाही. म्हणून दर वर्षी एकाच ऋतूत, एकाच जागी आणि एकाच प्रकारच्या जाळ्याने मासे मोजले पाहिजेत. तलावांत सोडलेले रोहू-कटला पुरात नदीत येतात. ते पाहुणे मोजून नदीला गुण देणे चुकीचे. तिलापिया, सिप्रिनस, आफ्रिकी मांगूर यांसारखे परदेशी मासे वाढले तर जातींचा आकडा फुगतो, पण नदीची प्रकृती सुधारलेली नसते. फार लहान ओढ्यांत मुळातच मासे थोडे असतात, तेथे कीटकांकडे पाहावे लागते. आणि माशांची साक्ष रासायनिक तपासणीची जागा घेऊ शकत नाही. पिण्याच्या पाण्यातील रोगजंतू माशावरून कळत नाहीत. दोन्ही साक्षी एकमेकींशी पडताळून पाहाव्या लागतात.

आमची शेवटची फेरी महिदपूरची. १८१७ साली होळकरांचे सैन्य आणि इंग्रज यांची निर्णायक लढाई क्षिप्रेच्या ज्या काठावर झाली, तो हा काठ. इतिहासासाठी आपल्यातील काहीजण येथे येतात. नदीसाठी बहुधा कोणी येत नाही. कालियादेहचा, पुढे शिंद्यांनी दुरुस्त करविलेला तो जलमहाल मागे टाकून क्षिप्रा येथवर येते. उज्जैनच्या घाटांना चुकवून सोडलेले पाणीही तिच्याबरोबर खाली वाहते. २०२८ च्या सिंहस्थासाठी खानचे पाणी बंद कालव्याने आणि बोगद्याने उज्जैनच्या पलीकडे नेण्याचे आणखी मोठे काम हाती घेण्यात आले आहे. पर्वकाळी घाटावरचे पाणी शुद्ध असावे ही इच्छा प्रत्येक श्रद्धावंताची आहे, माझीही आहे. परंतु बाजूला काढलेले पाणी वरच नीट शुद्ध झाले नाही, तर आजार बरा न होता फक्त त्याचा मुक्काम बदलेल. घाट रामघाटाला संपतात, नदी संपत नाही. महिदपूरच्या शेतकऱ्याला आणि केवटाला तीच नदी प्यावी आणि पेलावी लागते.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. येत्या सिंहस्थाच्या आधी आणि नंतरही, या नद्यांवर चार जागा कायमच्या ठरवाव्यात: एक क्षिप्रेच्या उगमाखाली, दुसरी खानवर इंदूरच्या खाली, तिसरी त्रिवेणीच्या पुढे आणि चौथी महिदपुरास. दर वर्षी पावसाळा ओसरल्यावर जाणकार केवट आणि प्राणिशास्त्राचे अभ्यासक यांनी मिळून तेथील मासे मोजावेत, परत सोडावेत आणि बारा विषयांचे गुण वर्तमानपत्रात छापावेत. आपण परीक्षांचे निकाल छापतो, पर्जन्यमान छापतो, धरणांची पातळी छापतो. त्यांच्या शेजारी नदीचा निकालही छापून आला तर लोकांना तो वाचता येईल. बांधलेल्या घाटाची लांबी आणि खर्चाची रक्कम सांगून नदी सुधारल्याचे जाहीर करणे मग कोणालाच तितके सोपे राहणार नाही.

घरोघरी करण्यासारखेही काही आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या पानात मासा नसतो, म्हणून त्याची नावेही घरात उरली नाहीत. ती शिकण्यास जिभेची आवड लागत नाही. मुलांना घेऊन चोरलेवर सहलीला गेलात तर डब्याआधी एक गोटा उलटा करून दाखवा, मग तो होता तसाच ठेवा. उज्जैनला गेलात तर मुरमुरे टाकण्यापूर्वी पाण्यात किती प्रकारचे मासे दिसतात ते मुलांना मोजावयास सांगा. काठावर एखादा जुना केवट भेटला तर त्याला पूर्वी मिळणाऱ्या माशांची नावे विचारा आणि तारीख, जागा घालून वहीत उतरवून ठेवा. अशा वह्या दहा घरांत जरी झाल्या, तरी पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला तुलनेसाठी एक यादी मिळेल.